माघारी आलेली गाडी

दूध उतू गेलं, पातेल्याबाहेर आलं, शेगडीवर जळून त्याचा कोळसा झाला, सगळं घर करपट वासानं भरलं, तरी शेजारी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसानं वर्तमानपत्रातून मान वर काढू नये, याला काय म्हणायचं? तुळजाबाई मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. वास त्यांच्यापर्यंत पोचला. हातातला ओला टॉवेल दोरीवर न टाकता तसाच खांद्यावर घेऊन त्या आत धावल्या आणि आधी शेगडी बंद करून मग नवऱ्याकडे वळल्या.

"अवं, मानूस हाय का मैलाचा दगड? दूध जळतंय तुमच्या बुडाशी आन् तुमी बातम्या वाचताय. कुनाच्या घराला आग लागली ते वाचायचं, सवताच्या घरात काय पेटलंय ते बघायचं न्हाय?"

दिगंबर मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. शेगडीकडे पाहिलं. "ध्यानात न्हाय आलं," म्हणाले.

"ध्यानात यायला काय पंचांग बघावं लागतं? जळल्याला वास असतो."

मिस्त्रींनी वर्तमानपत्राची घडी घातली. एक घातली, दोन घातल्या, गरज नसताना तिसरीही घातली, आणि चपला पायात सरकवून बाहेर शेडकडे चालायला लागले.

तुळजाबाई बघत राहिल्या. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला एक शब्द टाकला आणि उलट तीन आले नाहीत, असं घडलं नव्हतं. हडपसरच्या अर्ध्या आळीनं त्यांची भांडणं ओट्यावर बसून ऐकलेली. आणि गेले दोन-तीन महिने हा माणूस सगळं ऐकून घेऊन निघून जात होता. जेवायला बसला की ताटाकडे बघून विचारायचा, "आज काय केलंय?" आणि सांगितलं की एक घास खाऊन म्हणायचा, "झकास झालंय." जन्मात कधी झकास म्हटलं नव्हतं. मीठ जास्त, तिखट कमी, शेंगदाणा खवट, एवढंच त्याचं कौतुक.

"आत्याबाई, मामंजींचं वय झालं आता," शकू म्हणाली. शकू म्हणजे सून. ती शेगडी घासायला बसली होती.

"वय झालं म्हनून मानसाचं दूध उतू जातं व्हय? माझं बी झालंय वय. तू घास गुमान."

शेड घराला लागूनच होती. सोलापूर रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची चिंच गेली, ओटा गेला, पाण्याचा हौद गेला, पण शेड वाचली. वर पत्रे, खाली काळं मिट्ट ऑइल प्यालेली जमीन आणि मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका घरातली माणसं फोटोला उभी राहावीत तसे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इथून कालव्यापर्यंत ऊस आणि फ्लॉवर होता. पहाटे भाजीचे ट्रक शहराकडे निघायचे आणि त्यातला एखादा दमला, धापा टाकायला लागला, की ड्रायव्हर सरळ दिगंबर मिस्त्रीच्या शेडपुढे लावायचा. आता ऊस गेला, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. पोरंसोरं गळ्यात ओळखपत्रं अडकवून बसमधून उतरत होती. मिस्त्रींकडे येणाऱ्या गाड्याही त्यांच्याच वयाच्या उरल्या होत्या: दोन जुन्या जीप, एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि शनिवार पेठेतल्या श्रीनिवासराव वकिलांची चौऱ्यांशी सालची डिझेल अँबॅसिडर.

संपतला, म्हणजे मुलाला, ती शेड भाड्यानं द्यायची होती. मोबाइलचं दुकान येणार होतं म्हणे. पण बापाच्या तोंडावर बोलायची त्याची छाती नव्हती, आणि आईच्या तोंडावर बोलण्यात शहाणपण नव्हतं. शेड उभी होती ती एवढ्यामुळेच.

दिगंबर मिस्त्री शिकले स्वारगेटच्या एसटी डेपोत. कागदावर काही नव्हतं, चौथीनंतर शाळाच नव्हती, पण नाक होतं. गाडी आली की ते बोनेट उघडायच्या आधी दोन्ही हात मागे बांधून, डोळे मिटून गाडीभोवती एक चक्कर मारायचे. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. चक्कर पूर्ण व्हायच्या आत बोट ठेवायचे. "टाकीचा पाईप गळतोय." "फिल्टरचं वायसर गेलंय." "ह्यो डिझेलचा वास न्हाय, क्लच जळतोय तुझा, पाय काढ त्याच्यावरला." लोक बघायला उभे राहायचे. बाकीचे मिस्त्री खाली पुठ्ठा टाकून, बॅटरी घेऊन, पाठीवर सरपटत जे दोन तासांत शोधायचे, ते हा माणूस एका फेरीत सांगायचा.

बहात्तरच्या दुष्काळात सासवडला लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं ट्रकमधून. मिस्त्री आणि तुळजाबाई वऱ्हाडात होते. दिवे घाटात अर्ध्यावर चढल्यावर मिस्त्रींनी केबिनच्या पत्र्यावर धपाधपा हात मारले. ड्रायव्हर म्हणाला, घाटात थांबवत नाही. मिस्त्री म्हणाले, मग मी उडी टाकतो. नवरदेवासकट सत्तर माणसं रस्त्यावर उतरली, नवरदेवाची आई मिस्त्रींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली, आणि ड्रायव्हरनं बोनेट उचललं तर डिझेलचा पाईप चिरलेला, धार तापल्या सायलेन्सरवर, आणि धूर नुकताच धरायला लागलेला. नवरदेवाची आई पुढे दर दिवाळीला फराळ पाठवायची. मरेपर्यंत पाठवला.

तुळजाबाईंना मात्र त्या वासाचा तिटकारा. लग्न होऊन आल्या त्या रात्रीच त्यांनी सासूला विचारलं होतं, "मला नवरा दिलाय का रॉकेलचा डबा?" सासू जबर होती. म्हणाली, "डब्यात भरलेलं असतंय, रिकामं न्हाय, नशीब समज." तेव्हापासून मागच्या दारी एक दगड, लाकडाचा भुसा आणि साबण. घासून लाल झाल्याशिवाय हात ताटाला लागायचे नाहीत, हा त्यांचा कायदा. "लांब व्हा, वास येतो," हे वाक्य त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याला मोजमाप नाही. आणि तरी कधी मिस्त्री परगावी गेले तर त्यांची गोधडी त्या उन्हात टाकत नसत. हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी त्याची जीभ हातात दिली असती.

अकराच्या सुमारास शेडपुढे ओळखीचा आवाज आला. तुळजाबाई खिडकीशी पीठ चाळत बसल्या होत्या, त्यांनी बाहेर पाहिलं. वकिलांची पांढरी गाडी होती. ती पंधराच दिवसांपूर्वी इथून गेली होती. डिझेल गळतं म्हणून आली होती, मिस्त्रींनी पाईप बदलून दिला होता.

इतर मिस्त्र्यांकडे गाडी परत येते, त्यात नवल नसतं. पण दिगंबर मिस्त्रींचं तसं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी एका खंडेनवमीला, हत्यारांची पूजा मांडलेली, पान्यांवर हळदीकुंकू वाहिलेलं, समोर दहा-बारा गिऱ्हाइकं प्रसादाला बसलेली, तेव्हा कुणीतरी चेष्टेत विचारलं, "मिस्त्री, तुमच्याकडनं गाडी कधी माघारी येत न्हाय का हो?" मिस्त्रींनी सगळ्यांत मोठ्या पान्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ज्या रोगाला औषध दिलं त्याच रोगानं गाडी माघारी आली, तर त्या दिवशी ह्यो पाना खाली ठेवीन. पुन्यांदा उचलनार न्हाय." लोक हसले. तुळजाबाई हसल्या नाहीत. पूजेतल्या हत्यारावर हात ठेवून बोललेलं माघारी घेता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि नवऱ्याला त्याहून जास्त ठाऊक होतं.

श्रीनिवासराव गाडीतून उतरले. वय पंचाहत्तर, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आवाज कोर्टातला.

"मिस्त्री, आमच्या गाडीनं आपली आठवण काढली. सकाळी उठायला तयार नाही. दहा मिनिटं बोनेटखालचा डिझेलचा हातपंप मारला तेव्हा उठली. आणि खाली पुन्हा थेंब. आमची बायको सुहासिनी मागच्या सीटवर बसायला तयार नाही. म्हणते, घरात इतकी वर्षं स्टोव्ह पेटवला, आता गाडीतही स्टोव्ह घेऊन फिरायचं नाही."

मिस्त्री गाडीपुढे उभे होते. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं तुळजाबाईंना खिडकीतूनही दिसलं. "सायेब," ते म्हणाले, "गाडी माघारी आली. मी एक शब्द बोललो व्हतो. तुमी व्हतात त्या दिवशी."

"होतो. पण प्रसादाचं वाटप चालू होतं, मला ऐकू आलं नाही."

"सायेब, चेष्टा नको."

"चेष्टा मी फी घेतल्याशिवाय करत नाही. आधी गाडी बघा. शब्दांचं नंतर बघू. शब्द काय, कुठं गळत नाहीत."

मिस्त्रींनी हात मागे बांधले. डोळे मिटले. चक्कर मारायला लागले.

तुळजाबाई खिडकीशी खिळून राहिल्या. ही चक्कर त्यांनी हजारदा पाहिली होती, पण ही वेगळी होती. मिस्त्री दर दोन पावलांवर थांबत होते. नाकपुड्या फुलत होत्या, पुन्हा फुलत होत्या, अंधारात हातानं भिंत चाचपावी तशा. एक चक्कर झाली, दुसरी झाली. बोट कुठंच ठेवलं नाही. मग त्यांनी बोनेट उघडलं, वाकले, खालच्या पंपाशी टपकणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं, आणि वकील दुसरीकडे बघतायत असं पाहून ते बोट जिभेला लावलं.

तुळजाबाईंच्या हातातली चाळणी खाली आली. ज्या माणसाला वीस पावलांवरून डिझेल आणि रॉकेल वेगळं कळायचं, तो माणूस डिझेल चाटून बघत होता.

त्या उठल्या. वकिलांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन शेडमध्ये गेल्या, तांब्या वकिलांच्या हातात दिला, आणि कोपऱ्यातल्या डब्यातली डिझेलनं निथळणारी चिंधी उचलली. मिस्त्री पाठमोरे वाकलेले होते. तुळजाबाईंनी ती चिंधी त्यांच्या कानामागे, विताच्या अंतरावर धरली. स्वतःच्या डोळ्यांतून पाणी आलं इतका उग्र वास. मिस्त्री वळले नाहीत. मान हलली नाही. ते आपले पाईप चाचपत राहिले.

त्यांनी चिंधी हळूच डब्यात टाकली.

दूध. रोजचं "आज काय केलंय". परवा सोजरबाईंनी शेजारून सुक्या बोंबलाची चटणी पाठवली तर हा माणूस तिला "भाजी झकास" म्हणाला होता आणि सगळे हसले होते, तुळजाबाई सगळ्यांत जास्त. सगळ्या गोष्टी एकामागे एक येऊन उभ्या राहिल्या. राग यायला हवा होता, तोही आला, पण आधी वकिलांना तिथून हलवायला हवं होतं.

"सायेब," त्या वकिलांना म्हणाल्या, "तुमी आत चला. शकू पोहे करतीया. यांचं काम कुनी बघत असलं की व्हत न्हाय."

"चाळीस वर्षं लोक बघायलाच तर येत होते."

"चाळीस वर्षं पोहे नव्हते. चला."

वकिलांनी तुळजाबाईंकडे पाहिलं, मिस्त्रींच्या पाठीकडे पाहिलं. उभं आयुष्य साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात गेलेलं. "खोबरं असेल तर येतो," म्हणाले, आणि निमूटपणे आत गेले.

शेडमध्ये दोघंच उरली. बाहेर रस्त्यावर बसचे हॉर्न. तुळजाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"सरका."

"कुठं?"

"बाजूला. मला बघू द्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाय कायबी. वास येतो."

मिस्त्रींचा हात पाईपवरच थांबला. न वळता ते म्हणाले, "कवा कळलं तुला?"

"आत्ता. तुमी चाटलंत तवा. आन् तुमचं कवापासनं?"

"माघात सर्दी झाली व्हती बघ. सर्दी गेली. जाताना घिऊन गेली. वाटलं यील माघारी. चैत गेला, वैशाख आला."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. त्यो म्हनला, ह्या वयात येनार न्हाय."

"आन् मला?"

मिस्त्री पुन्हा पाईप चाचपायला लागले. तुळजाबाईंनी ते उत्तर तिथंच ठेवलं, नंतर घ्यायला.

"पंधरा दिवसांमागं कुठला पाईप बदललात?"

"ह्यो. खालच्या पंपाचा. थेंब हितंच व्हता."

"थेंब जिथं दिसतो तिथं फुटलेलं नसतं, हे कोन सांगायचं सगळ्यांला? मीच ऐकलंय हजार डाव."

"मीच सांगायचो," मिस्त्री म्हणाले. "डिझेल लई लबाड. वर फुटतंय, पाईपाच्या अंगावरनं गुपचूप खाली येतंय आन् शेवटच्या वळनाला थेंब सोडतंय. पाण्याची धार दिसती, ह्याची दिसत न्हाय. नाकानं माग काढत वर जायचं असतंय. मला जाता येईना. मंग मी ओलं दिसलं तिथंच पाना लावला. नव्या पोरांवानी."

"मंग आता काय करायचं, ते सांगा. रडायचं नंतर."

मिस्त्रींनी बायकोकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग सांगायला लागले. आधी सगळं पुसून कोरडं करायचं. जुनं सांडलेलं डिझेल राहिलं तर काही कळत नाही. दोघांनी चिंध्या घेतल्या. वरच्या चार इंजेक्टरवरच्या बारीक पाईपापासून खालच्या पंपापर्यंत मिस्त्री पुसत गेले, आणि त्यांचा हात पोचत नव्हता त्या फटीत तुळजाबाईंचा बांगड्यांचा हात गेला. बांगड्या काळ्या झाल्या. मग मिस्त्रींनी गाडी चालू केली.

इंजिन थरथरायला लागलं. तुळजाबाईंनी तोंड बोनेटच्या आत घातलं. जो वास अठ्ठेचाळीस वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवला, त्याच्या पोटात त्या नाक खुपसून उभ्या होत्या.

"खाली येतोय."

"कसा येतोय? शिळा का ताजा?"

"म्हंजे?"

"तळनाचं कालचं तेल आन् कढईतलं नवं तेल, तुला वेगळं कळत न्हाय व्हय?"

ते कळत होतं. त्यांनी पुन्हा हुंगलं. खाली शिळा होता, जड, मुरलेला. वर सरकल्या. पंप, मग लोखंडी नळी, मग इंजिनामागची पत्र्याची भिंत. तिथं फिल्टरचा भोपळा लटकलेला. त्याच्या मागं, भिंतीच्या आणि भोपळ्याच्या फटीत, वास एकदम बदलला. कोवळा, तिखट, नाकाला चावणारा.

"हितं. ह्या भोपळ्यामागं."

"तिथं परतीचा पाईप हाय," मिस्त्री म्हणाले. "इंजेक्टरला नको झालेलं डिझेल माघारी टाकीकडं नेतो त्यो." त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "दिसत न्हाय कायच. अंदाजानं पाना न्हाय लावनार मी. एकदा लावला."

"थांबा."

त्या घरात गेल्या आणि रांगोळीचा डबा घेऊन आल्या.

"तुळजे, ही काय थेरं?"

"पिठाच्या डब्याला तेल लागलं की पीठ कुठं चिकटतं ते कळतं. गप ऱ्हावा." मूठभर रांगोळी त्यांनी फिल्टरमागच्या फटीत, लोखंडी नळीवर, खालच्या पंपावर भुरभुरवली. पुढच्या पंख्याच्या वाऱ्यानं निम्मी उडून मिस्त्रींच्या मिशांवर बसली. उरलेली पाईपांना धरून राहिली, पांढरीशुभ्र.

दोघं बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. खालचा पंप पांढरा. नळी पांढरी. मिस्त्रींनी मोटारसायकलचा फुटका आरसा फिल्टरमागं धरला आणि बॅटरी लावली. पाईपाला जिथं क्लिप आवळली होती, त्या क्लिपच्या कडेला पांढऱ्यावर राखी ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ नळीवरून खाली उतरायला लागली, सावकाश, कुणाची नजर चुकवावी तशी.

"वरनं येतंय," मिस्त्री म्हणाले. "क्लिपच्या बुडाशी चिरलाय."

पुढचं काम तुळजाबाईंनी बघत बसायची गरज नव्हती, पण त्या बसल्या. शेडमधल्या एका जुन्या सुट्या सीटवर, हनुवटीखाली हात घेऊन. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचे हात काम करताना असे बसून कधी पाहिले नव्हते. घरात यायच्या आधी ते धुतलेलेच बघायचे, असा त्यांचा कायदा. त्या फटीत, जिथं डोळा पोचत नव्हता, तिथं दोन बोटं गेली आणि आंधळ्यानं नाण्याचा छापा ओळखावा तशी क्लिपचा स्क्रू शोधून तो फिरवायला लागली. पाईप बाहेर आला. मिस्त्रींनी तो वाकवला तर जून गवारीसारखा कट्कन मोडला. रबराचं लाकूड झालं होतं.

"एक असा झाला म्हंजे बाकीचे रांगेत उभे हायेत," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "सगळेच काढतो."

त्यांनी सगळे काढले. टाकीकडून येणारा, फिल्टरला जाणारा, इंजेक्टरांच्या मधले इवलेसे तुकडे. नवा पाईप जुन्याशेजारी ठेवून मापला, कापला, तोंडानं फुंकून आत कचरा नाही ना ते बघितलं. टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि नळीवर चढवली. क्लिप आवळताना हात एका जागी थांबायचा. त्यापुढे अर्धा फेरा नाही. जास्त आवळली म्हणूनच चिरतो, ते म्हणाले. मग हातपंप मारून नळ्यांतली हवा काढायला लागले. फिल्टरच्या वरच्या स्क्रूतून आधी नुसता फेस आला, दुधासारखा, फसफसत. मग बुडबुडे. मग एक-एक बुडबुडा. मग काही नाही, नुसतं स्वच्छ सोनेरी डिझेल. त्यांनी स्क्रू बंद केला.

गाडी अर्ध्या चावीला उठली.

आवाज ऐकून वकील बाहेर आले. मिशीला पोह्यातलं खोबरं. त्यांनी बोनेटखाली पाहिलं. "हे काय? इंजिनाचं हळदीकुंकू केलंत?"

"मुंग्या येऊ नये म्हनून," तुळजाबाई म्हणाल्या.

"डिझेलला मुंग्या?"

"तुमच्या गाडीला लागलेल्या. पेठेतनं आल्या असतील."

श्रीनिवासराव बराच वेळ मिस्त्रींच्या मिशांवरच्या रांगोळीकडे आणि तुळजाबाईंच्या काळ्या बांगड्यांकडे बघत होते. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण वकिलांनी ते तोंडावर आणलं नाही. "मिस्त्री," गाडीत बसताना म्हणाले, "पंधरा दिवसांपूर्वी मी घाई केली होती. मला एका लग्नाला जायचं होतं, मी आपल्याला नीट बघू दिलं नाही. तेव्हा ही गाडी आपल्यामुळे नव्हे, माझ्या घाईमुळे माघारी आली. माझी तशी साक्ष आहे." आणि ते गेले.

असली कुठलीही घाई त्यांनी केली नव्हती. उलट तीन तास बसून त्यांनी चार चहा प्यायले होते.

मिस्त्री मागच्या दारी हात धुवायच्या दगडापाशी गेले नाहीत. हात तसेच काळे घेऊन भिंतीशी गेले, सगळ्यांत मोठा पाना खिळ्यावरून काढला आणि खाली जमिनीवर ठेवला.

"संपतला सांग, शेड दिऊन टाक म्हनावं."

"सायेबांनी साक्ष दिली की."

"सायेब भला मानूस हाय. खोटं बोलला." ते जुन्या सीटवर तुळजाबाईंच्या शेजारी बसले. "तुळजे, आज गाडी नुसती गळत व्हती. उद्या एखादी पेटली तर? दिवे घाटात सत्तर मानसं उतरवली मी. आता एकाला बी उतरवू शकत न्हाय."

हे खरं होतं, आणि खरं बोललेल्याला तुळजाबाई आडव्या जात नसत.

"तेवढं बी न्हाय," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "मिस्त्रीपन गेलं तर गेलं. पर संध्याकाळी मी घरात येतो, तर घरात आल्यावानी वाटत न्हाय. तुझ्या फोडनीचा वास न्हाय, उदबत्तीचा न्हाय. तुझा बी येत न्हाय. कुना परक्याच्या घरी चुकून आलोय, असं वाटतं. हे कुनाला सांगायचं? म्हनून गप बसलो."

बाहेरून बसमधून उतरलेल्या पोरांचा घोळका हसत-खिदळत गेला. तुळजाबाई वाकल्या, पाना उचलला. जड होता. पदराच्या टोकानं त्याच्यावरची माती पुसली, आणि तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "गाडी माघारी आली ती नाक गेल्यामुळं न्हाय, तोंड मिटून बसलात म्हनून आली. नाक गेलं, त्याला तुमचा इलाज नव्हता, त्यात कमीपना न्हाय. पर तीन म्हयनं माझ्या हातचं खाऊन, कायबी कळत नसताना झकास म्हनत व्हता, ती लबाडी. तिला माफी न्हाय. शेड बंद व्हनार न्हाय. हुंगायचं काम माझं, पाना तुमचा. गाडी आली की गिऱ्हाइकाफुडं नुसतं म्हनायचं, 'तुळजे, चहा आन.' मी यीन. आन् चहा खरंच आनीन, म्हंजे तुमी खोटं बोललात असं कुनी म्हनायला नको."